अंगठा वर म्हणजे वर

किसनआबा बोराटे यांना अंगठा दाखवायची सोय नव्हती. कुणी गमतीत, कुणी प्रेमाने, कुणी नुसताच फोटोसाठी अंगठा वर केला, की आबांचे डोळे आधी आढ्याकडे जायचे, मग त्या माणसाकडे, आणि मग ते शांतपणे विचारायचे, "काय उचलायचंय?" सख्ख्या पुतण्याच्या लग्नात नवरदेवाने फोटोग्राफरसाठी अंगठा वर केला, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. शेजारी नवरी उभी होती, त्यामुळे लोकांनी प्रश्नाचा भलताच अर्थ घेतला आणि मांडवात बराच वेळ हशा चालला. आबा मात्र गंभीर होते. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं की हसण्यासारखं काय झालं.

माझी त्यांची ओळखही अंगठ्यानेच झाली. पिंपरीतल्या एका अवजड यंत्रांच्या कंपनीत मी प्लॅनिंगला नवी नवी लागले होते. काही कामासाठी शॉपमध्ये गेले, तर समोर क्रेनला दातेरी चाकाचं एक भलंमोठं धूड लटकलेलं. फोरमनने लांबून हातवारे करून विचारलं, ड्रॉइंग मिळालं का? त्या गोंगाटात ओरडून उपयोग नव्हता, म्हणून मी हसून अंगठा वर केला. वरच्या केबिनमधल्या क्रेन ड्रायव्हरने तो पाहिला आणि चाक वर जायला लागलं. तेवढ्यात सगळ्या मशिनांच्या वरताण एक आवाज आला, "ओ ताई! अंगठा खाली!" मी घाबरून अंगठा खाली केला. चाक खाली यायला लागलं. आता खालची माणसं ओरडायला लागली.

मग शिरस्त्राण घातलेले, झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ चालत आले आणि त्यांनी माझा अंगठा धरून मुठीत मिटवून टाकला, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा. "हितं अंगठा वर म्हंजे वर, खाली म्हंजे खाली," ते म्हणाले. "तुमच्या मनात काय हाय ते क्रेनला कळत न्हाई." ते किसनआबा. क्रेनखाली उभं राहून, हातांच्या खुणांनी, वर बसलेल्या ड्रायव्हरला सांगायचं की माल कुठे, किती आणि कधी हलवायचा, हे त्यांचं काम.

आबा मोशीचे. इंद्रायणीकाठी त्यांचं वांग्याचं वावर होतं. आता तिथे उंच इमारती झाल्या आहेत आणि बिल्डरने त्यांना परदेशातल्या शहराचं नाव दिलं आहे. "आमच्या वांग्यात आता व्हेनिस उगवलंय," आबा सांगायचे. ते साधेभोळे, मितभाषी वगैरे अजिबात नव्हते. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि त्यातली निम्मी मतं सपशेल चुकीची असत. पण ती इतक्या ठणठणीत आवाजात मांडलेली असत की चूक कळेपर्यंत आपण ती चारचौघांत सांगून बसलेलो असू. "लटकत्या मालाखाली आन् सासुरवाडीत जास्त येळ थांबू नये," हे त्यांचं एक मत. दुसरं, सगळ्यात लाडकं, म्हणजे "आधी पाणी बघायचं."

हे पाणी बघणं ते लहानपणी इंद्रायणीवर शिकले होते. उडी मारण्याआधी भाकरीचा तुकडा पाण्यात टाकायचा. तो कसा वाहतो त्यावरून ओढ किती ते ठरवायचं. पुढे आबांनी तीच रीत सगळ्या आयुष्याला लावली. माल उचलण्याआधी पाणी बघायचं, साहेबाच्या केबिनमध्ये शिरण्याआधी पाणी बघायचं. जावयाला रहाटणीत फ्लॅट घ्यायचा होता, तेव्हा आबांनी इतके दिवस पाणी बघितलं की बिल्डिंगमधले सगळे फ्लॅट विकले गेले. जावयाने शेवटी रहाटणीतच आमच्या गल्लीत, जास्त आडबाजूला घर घेतलं. तरी आबांचं म्हणणं कायम, "घाई केली न्हाई ते बरं झालं."

पण मला सांगायचं आहे ते खऱ्याखुऱ्या पाण्याबद्दल, आणि त्यासाठी आधी रोलर यायला हवा.

आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यासाठी आमच्या कंपनीने उसाच्या चरकाचा एक प्रचंड रोलर केला होता. पाठवणीच्या कागदांवर सही माझी होती. रोलर ज्यात बसवून पाठवायचा तो लोखंडी पाळणा आबांनी उभं राहून करून घेतला, रोलर त्यात बसवला, साखळ्यांनी आवळला आणि ट्रेलरवर चढवून नारळ फोडला. पाळण्यासकट तो मुंबईला जहाजात चढला. ते जहाज कोकणच्या किनाऱ्यापुढे वादळात कललं आणि बुडालं. माणसं सगळी वाचली. विम्याचं काय ते कंपनीने पाहून घेतलं. पण कुठून कोण जाणे, बातमी आली की आतला जड माल सरकला म्हणून जहाज कललं. जड माल म्हणजे नक्की कोणता, हे विचारायची शॉपमध्ये कुणालाच गरज वाटली नाही. किसनआबा बोराटे त्या आठवड्यात 'बुडवेआबा' झाले.

ते नाव त्यांना गोंदल्यासारखं चिकटलं. कँटीनमध्ये त्यांनी आमटीच्या पातेल्याला हात लावला की कुणीतरी म्हणायचं, "राहू द्या आबा, कलंल." कंपनी चाकणला गेली, माणसं बदलली, तरी नव्या पोरांना आबांचं आडनाव कळायच्या आधी टोपणनाव कळायचं. निरोप समारंभात खुद्द मॅनेजरसाहेब म्हणाले, "आबांनी आयुष्यभर माल उचलला, एकदाच बुडवला." सगळे हसले. आबा सगळ्यांत मोठ्याने हसले. पण परतताना कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि भोसरी आल्यावर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ताई, माझा माल सरकला नसंल. पर रातच्याला मनात येतं, सरकला असंल तर?" मला त्या वेळी त्यांची फार दया आली. समुद्राच्या तळाशी जाऊन हे कोण बघून येणार होतं?

आबाच. निवृत्तीनंतर त्यांची मुलगी मनीषा त्यांना मालवणला घेऊन गेली. तिथे पर्यटकांना मानगूट धरून पाण्याखाली नेतात, माशांबरोबर फोटो काढतात आणि वर आणून सोडतात. आबा वर आले ते फोटोबद्दल नाही, होडीवाल्या बाबीबद्दल सांगत. बाबी त्यांना बोलता बोलता म्हणाला होता की खाली दक्षिणेला एका जागी जाळी फाटतात. "थंय जहाज बुडलेला आसा, काका. तेच्यात मोठा लाटणा आसा. हत्तीणीन चपाती लाटूची तसला." आबांनी जहाजाचं नाव विचारलं. नाव तेच होतं.

रविवारी सकाळी आबा डझनभर केळी घेऊन रहाटणीला माझ्या दारात हजर. "ताई, लाटणं सापडलं." आणि खाली बसायच्या आत पुढचं वाक्य, "पाण्याखाली एकट्यानं जाऊ देत न्हाईत. जोडीदार लागतो." मी म्हटलं, मनीषाला न्या. तर म्हणाले, "साखळी माझी व्हती, सही तुमची व्हती. बुडालो जोडीनं, बघाय बी जोडीनंच जायचं." माझ्या यजमानांना नळाला जोरात पाणी आलं तरी धडकी भरते, त्यामुळे त्यांनी मला अडवावं अशी माझी फार इच्छा होती. ते म्हणाले, "जा की. तुला पोहता येतं." माणूस ऐनवेळी असा दगा देतो.

अशा रीतीने आम्ही दोघं चिंचवडच्या पोहण्याच्या तलावात, पाठीवर हवेच्या टाक्या बांधून, निनाद नावाच्या तरुण शिक्षकासमोर गळाभर पाण्यात उभे राहिलो. आबांच्या मिशांमुळे मुखवट्यात पाणी शिरायचं. निनादने भीत भीत सुचवलं की मिशी काढली तर बरं. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच बुडाला. मग मिशीला व्हॅसलीन फासायचा तोडगा निघाला, आणि आबा दर वेळी तुपात पडलेल्या मांजरासारखे दिसायला लागले.

खुणांच्या दिवशी मात्र निनाद जे बोलला त्याने आबा त्याचे भक्तच झाले. "पाण्याखाली सगळं ठीक असेल तर अंगठा आणि बोट जुळवून असा गोल करायचा," तो म्हणाला. "अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' नाही. अर्थ एकच, वर चला, बुडी संपली." आबा पाण्यातल्या पाण्यात उसळले. "ऐका, ताई! ऐका!" निनाद पुढे म्हणाला, "आणि अंगठा जोडीतला कुणीही, कधीही, कोणत्याही कारणाने दाखवू शकतो. समोरच्याने का म्हणून विचारायचं नाही. अंगठ्याला अंगठ्यानेच उत्तर द्यायचं आणि दोघांनी मिळून वर यायचं." आबांनी त्याला हे परत म्हणायला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "समदं जग चुकीचा अंगठा दावतंय. निस्ते क्रेनवाले आन् हे पाण्यातले, एवढेच शाने."

माझा हात मात्र सुधारेना. पाण्याखाली पहिल्यांदा नीट श्वास घेता आला, आनंदाने अंगठा वर, की निनादने मला बाहेर ओढलं. मुखवट्यातलं पाणी काढता आलं, अंगठा वर, पुन्हा बाहेर. मी जितकी खूश, तितकी लवकर कोरडी. आबा काठाशी येऊन सांगायचे, "ताई, तुमाला जमलं की तुमी पळून जाता."

ह्या नव्या ज्ञानाचा आबांनी घरच्यांना फार जाच केला. 'बोराटे परिवार, मोशी' हा त्यांचा मोबाइलवरचा ग्रुप. जोडीदार या नात्याने त्यात त्यांनी मलाही घालून घेतलं होतं. तिथे कुणी काही कळवलं की खाली अंगठ्यांची रांग लागायची. आबा प्रत्येक अंगठा मनावर घ्यायचे. घरातल्या एका साखरपुड्यासाठी आचाऱ्यालाही ग्रुपवर घेतलं होतं. जेवणाचा निरोप वाचून त्याने अंगठा पाठवला, तर आबांनी त्याला फोन करून झाडलं, "ऐनयेळी रद्द करतो व्हय रे?" बिचारा आचारी, 'आबा, मी हो म्हणालो' असं सांगून दमला. शेवटी आबांनी ग्रुपवर आवाजी निरोप टाकला, "सर्वांना कळवण्यात येतं, अंगठा पाठवू नये. होय म्हणायचं तर गोल पाठवावा." त्याखाली सगळ्या परिवाराने एकमुखाने अंगठे पाठवले.

समुद्रावर गेलो ती पहिली खेप. बाबीची होडी, निनाद, आबा आणि मी. जहाजाच्या जागेवर एक तरंगतं पिंप बांधून ठेवलेलं, त्याला धरून दोरी खाली गेलेली. आबांनी घरून आणलेल्या फडक्यातून भाकरी काढली, तुकडा मोडला आणि मोठ्या गांभीर्याने पाण्यात सोडला. सगळे बघत राहिलो. तुकडा हातभर गेला असेल नसेल, खालून एक मासा आला आणि गट्टम. आबांनी दुसरा टाकला. तोही गेला. तिसऱ्याला तर पाहुण्यांची पंगतच जमली. बाबी म्हणाला, "भाकरी माशांक कित्याक घालतास, काका? ही दोरी बघा ना." दोरी सरळ खाली गेली होती, म्हणजे ओढ फारशी नव्हती. आबा म्हणाले, "दोरी बी बघतो. पर भाकरीचं मत घ्याय पायजे." शेवटी त्यांनी होडीतली नारळाची शेंडी टाकली, ती कुणी खाल्ली नाही, सावकाश वाहत गेली, आणि आबांनी बोटांचा गोल करून परवानगी दिली.

दोरी धरून आम्ही उतरत होतो. निनाद पुढे, मग मी, माझ्या मागे आबा. पाणी हिरवट, ढवळल्यासारखं. नाक दाबून कान मोकळे करत, थांबत थांबत गेलो. आणि मग खाली आधी नुसती सावली, मग कठडा, मग एका कुशीवर कललेलं जहाज, शेवाळाने आणि शंख-शिंपल्यांनी माखलेलं, माशांचे थवे त्याच्या खिडक्यांतून ये-जा करणारे. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. आणि त्या कठड्यापलीकडे काहीतरी लांबट, गोल. लाटणं! मी आनंदाने मागे वळले. आबांचा हात माझ्या तोंडासमोर होता. अंगठा वर.

मला वाटलं, आबांचीही आता माझ्यासारखी गत झाली, आनंदाने चुकले. मी गोल करून दाखवला. आबांनी नाही म्हणून मान हलवली. अंगठा. मी खाली बोट दाखवलं. अंगठा. मी पाण्याखाली, पाठीवर टाकी घेऊन, त्यांना चक्क हात जोडले. आबांनी माझे जोडलेले हात सोडवले आणि पुन्हा अंगठा दाखवला. मग मीही दाखवला, पण अशा आविर्भावात, की जमिनीवर त्याचा अर्थ निराळा झाला असता. आम्ही वर आलो.

होडीत मी म्हटलं, "का?" आबा मिशीवरचं व्हॅसलीन पुसत म्हणाले, "इचारायचं न्हाई." निनादनेही विचारलं नाही, तो नियमाचा माणूस. अर्ध्या तासाने दुसऱ्या होडीतून हिंजवडीच्या आयटीतली काही मुलं आली, खाली गेली, आणि हसत खिदळत वर आली. "काय भारी आहे राव!" त्यांच्याकडे पाण्याखालचा कॅमेरा होता. आबांनी मोठ्या आशेने तो मागून घेतला. चित्रफितीत हिरवं पाणी, कठडा, आणि मग तो लांबट गोल आकार. आणि नेमका त्याच्यासमोर एका मुलाचा रबरी हातमोज्यातला अंगठा, वर केलेला, सगळा पडदा भरून. आबांनी ते पुन्हा पुन्हा लावलं. मान तिरकी करून बघितलं, कॅमेरा तिरका करून बघितलं. "ह्याचा अंगठा जरा बाजूला घ्या की!" ते कळवळून म्हणाले. तो मुलगा समजुतीने म्हणाला, "काका, ते रेकॉर्डेड आहे."

घाट चढून परतताना मी धुमसत होते. इतका खर्च, इतकी तयारी, आणि हातभर अंतरावरून माघार! आबा शेंगदाण्याचे लाडू पुढे करत राहिले. मी ते रागारागाने खाल्ले. मनीषाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, कान दुखला. जावयाला सांगितलं, हवा संपत आली होती. हास्य क्लबात सांगितलं, एका माशाची नजर चांगली वाटली नाही. मला एवढंच म्हणाले, "ताई, माल काय पळून जातोय व्हय? पुढच्या सालाला जाऊ."

पुढच्या सालाला डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा आलेख पाहिला आणि पाण्याखाली जायला साफ मनाई केली. आबांनी आणखी दोन डॉक्टरांकडे जाऊन पाणी बघितलं. त्यांनी पहिल्याहून जास्त दम भरला. आबा पुन्हा केळी घेऊन आले, पण या वेळी खाली बसले आणि एकेक केळं सुटं करत राहिले. मी म्हटलं, "मी जाते, आबा. निनादबरोबर. तुम्ही होडीत बसा." त्यांनी मान वर केली. "पाणी मी बघणार." म्हटलं, "तुम्हीच बघा."

दोन वेळा त्यांनी होडीतूनच परत फिरवलं. एकदा पिंप दोरीला ताण देऊन तिरपं झालं होतं म्हणून, आणि एकदा बाबीच्या आणि निनादच्या मते समुद्र तेलासारखा शांत असताना, निव्वळ त्यांना वाटलं म्हणून. बाबीने कपाळावर हात मारला. मी टाकी उतरवून ठेवली. तिसऱ्या खेपेला नारळाची शेंडी होडीपाशीच रेंगाळली, दोरी सरळ उतरली, आबांनी क्षितिजापर्यंत नजर फिरवली आणि मला बोटांचा गोल दाखवला.

त्या दिवशी खाली पोहोचल्यावर मी सवयीने वर पाहिलं. माझे बुडबुडे सरळ, सुतासारखे वर जात होते. आणि मला गेल्या वर्षीचे आठवले. ते माझ्या खांद्यावरून आडवे पळत होते, आणि दोरी माझ्या मुठीत ओढ घेत होती. ओढ वाढत चालली होती, आणि ती मला दिसली नव्हती, कारण मी जहाजाकडे बघत होते. आबांना दिसली. म्हणजे आबा जहाजाकडे बघत नव्हते. ज्याच्यासाठी ते म्हातारपणी पाण्यात उतरले, ते समोर दिसत असताना हा माणूस माझे बुडबुडे बघत होता. ती आयटीतली मुलं त्याच दिवशी सुखरूप वर आली हेही खरं, आणि आबांनी तेव्हा बरोबर केलं की जास्तच भ्यायले, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मुखवट्यात समुद्राचं पाणी कमी आणि माझंच जास्त झालं, एवढं सांगते.

कठडा ओलांडून आम्ही पलीकडे गेलो. लाटणं होतं. त्याचं एक टोक वाळूत गाडलेलं. दुसरं टोक मोकळं होतं, आणि शेवाळ हाताने बाजूला केलं तेव्हा खाली लोखंडी पाळणा दिसला, आबांनी करून घेतलेला, आणि रोलर त्यात घट्ट बसलेला. साखळी गंजून गेली होती. जहाज कललं होतं, पाळणा जहाजाबरोबर कलला होता, पण रोलर पाळण्यातून बोटभरही हलला नव्हता.

वर आल्यावर बोटांचा गोल करायचा, तेच मी विसरले. पाण्याबाहेर डोकं काढलं, होडीच्या काठाशी वाकून बसलेले आबा दिसले, आणि मी हात उंच करून, सगळा जीव एकवटून, अंगठा दाखवला.

"बाबी, धर! वडून घे!" आबा ओरडले, आणि पुढच्या क्षणी बाबीने माझ्या टाकीला आणि आबांनी माझ्या दंडाला धरून मला पोत्यासारखं होडीत घेतलं. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलेला माणूस! "काय झालं? छाती? कान? बोला, ताई!" मी पालथी पडल्या पडल्या म्हटलं, "बसलाय, आबा. पाळण्यातच बसलाय."

आबा इंजिनाच्या झाकणावर बसले. टोपी काढली आणि तिनेच तोंड पुसलं. "एक टोक बघितलं का दोन्ही?" "एकच. दुसरं वाळूत आहे." "एक बसलं तर दुसरं कुठं जातंय," ते म्हणाले, आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग एकदम माझ्याकडे वळले. "मंग अंगठा कशाला दावला?" मी हसायला लागले, मग बाबी, मग पाण्यातून वर येणारा निनाद काही न कळता हसायला लागला. आबाही हसत होते, पण त्यांच्या मिशा भिजल्या होत्या, आणि ते तर त्या दिवशी पाण्यात उतरलेही नव्हते.

मोशीत, चाकणला, हास्य क्लबात, दाढी करणाऱ्याकडे, आबांनी सगळ्यांना सांगितलं. जुन्या कामगारांच्या मेळाव्यात तर माईक हातात घेऊन सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवताना पुन्हा म्हणाले, "बुडवेआबा, आमटीला हात नका लावू." आबांनी खुशाल पातेलं उचललं आणि स्वतः सगळ्यांना वाढत फिरले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आबांना चिंचवडच्या एका रुग्णालयात ठेवलं. सकाळी मी डबा भरत असताना मोबाइल वाजायला लागला. मनीषाने ग्रुपवर फोटो टाकला होता. आबा पलंगावर, नाकातोंडावर हवेचा मुखवटा, आणि हात वर केलेला. खाली तिने लिहिलं होतं, 'आबांनी अंगठा दाखवला! बरं वाटतंय त्यांना!' आणि त्याखाली मोशी, चाकण, रहाटणीचे, आत्या, मामा, पुतणे, तो आचारीसुद्धा, सगळ्यांचे अंगठे येत होते, एकामागून एक, थांबतच नव्हते. मी डबा तसाच ठेवला आणि रिक्षा केली.

आबा जागे होते. बोलता येत नव्हतं. मला बघून डोळे हसले. मी आधी बोटांचा गोल करून दाखवला, ठीक ना? त्यांनी हळूच नाही म्हणून मान हलवली आणि अंगठा वर केला. मला खाली बोट दाखवायचं होतं, हात जोडायचे होते, का म्हणून विचारायचं होतं. आबा वाट बघत होते. मी अंगठा वर केला. त्यांनी तो नीट पाहिला, बरोबर आहे याची खात्री केली, आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी ते गेले. मोशीच्या घाटावरून परतताना मनीषा माझा हात धरून चालत होती. "शेवटी समाधानी होते ना हो आबा?" तिने विचारलं. "अंगठा दाखवत होते."

"होते," मी म्हटलं. "पाणी बघूनच दाखवला त्यांनी."